मोडींतून उठलेलें इंजिन

इ. स. १९५२ च्या ऑक्टोबरच्या ८ तारखेस लंडनजवळील हॅरो ॲण्ड वील्डस्टोन स्थानकांत तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि ११२ माणसें प्राणांस मुकलीं. त्या अपघातांत ‘प्रिन्सेस ॲन’ नांवाचें इंजिन इतकें चुरडलें कीं, त्याच्या दुरुस्तीची आशाच सोडावी लागली. त्याची जागा भरून काढण्यासाठीं ब्रिटिश रेल्वेनें १९५४ सालीं क्रू येथील कारखान्यांत एक नवें इंजिन बांधलें. ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ हें त्याचें नांव व ७१००० हा त्याचा क्रमांक. या जातीचें दुसरें इंजिन पुढें कधींच बांधलें गेलें नाहीं.

शंभर टनांहून अधिक वजन, तीन सिलिंडर आणि मोटारीच्या इंजिनांतल्याप्रमाणें उघडमीट करणाऱ्या कॅप्रोटी पद्धतीच्या झडपा, असा त्याचा थाट होता. त्याचे योजक रिडल्स यांची त्यावर मोठी भिस्त होती. परंतु प्रत्यक्ष कामाला लागल्यावर फायरमन मंडळी त्याला कंटाळून गेली. कोळसा खाई फार आणि वाफ देई थोडी! दोष कोठें आहे याचा कसून शोध घ्यावा, तर १९५५ सालींच डिझेल व विजेचीं इंजिनें आणण्याची मोठी योजना जाहीर झालेली. मरणपंथास लागलेल्या वाफेवर डोकें कोण शिणवणार? अवघ्या आठ वर्षांच्या नोकरीनंतर, १९६२ सालीं, ‘ड्यूक’ला निवृत्त करण्यांत आलें.

तें राष्ट्रीय संग्रहांत जपावें असें आधीं ठरलें होतें. मग विचार फिरला आणि झडपांची रचना तेवढी दाखविली म्हणजे पुरे असें ठरलें. बाहेरच्या बाजूचा एक सिलिंडर लंडनच्या विज्ञान-संग्रहालयासाठीं काढून घेतला. तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूचाही काढला. आणि उरलेलें धड १९६७ सालीं वेल्समधील बॅरी बंदरावर मोडीच्या व्यापाऱ्याकडे रवाना झालें.

हा व्यापारी म्हणजे डाय वुडहॅम. त्यानें जवळजवळ तीनशें इंजिनें विकत घेतलीं होतीं. पण मालगाडीचे डबे तोडण्यास सोपे, म्हणून तो आधीं ते तोडी आणि इंजिनें खाऱ्या वाऱ्यांत रांगेनें गंजत पडत. या दिरंगाईचे उपकार मानावे तितके थोडेच! १९६८ पासून हौशी मंडळ्या वर्गणी जमवून तेथून एकेक इंजिन सोडवून नेऊं लागल्या. अखेरीस २१३ इंजिनें वांचलीं.

‘ड्यूक’ला १९७४ सालीं अशाच एका मंडळीनें विकत घेतलें, तेव्हां तिला पुष्कळांनीं वेड्यांत काढलें. गंजलेलीं इंजिनें इतरही होतीं. पण त्यांचीं भावंडें तरी शिल्लक होतीं, एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसे. येथें तो मार्गच खुंटलेला. लफबरो येथील ग्रेट सेंट्रल रेल्वेच्या आवारांत स्वयंसेवकांनीं काम मांडलें. सिलिंडर नव्यानें ओतवून घेतले, झडपांची नाजूक यंत्रणा पुन्हां घडविली, आणि पैसा तर सतत गोळा करावा लागला. पगार कोणास नाहीं. सुटीचा दिवस आणि अंगावर काजळी, एवढीच मिळकत. असें बारा वर्षें चाललें.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. मूळचे नकाशे समोर ठेवून एकेक भाग मोजीत असतां या मंडळीच्या ध्यानांत आलें कीं, भट्टीखालील राखेची पेटी नकाशाबरहुकूम केलेलीच नाहीं. हवा आंत येण्याचीं तोंडें फार लहान ठेवलीं गेलीं आहेत. धुराडेंही एवढ्या इंजिनाला अपुरेंच होतें. आपल्याकडील चुलीचें उदाहरण घ्यावें. चुलीला फुंकणीनें वारा घालावा लागतो. इंजिनाची फुंकणी त्याच्या धुराड्यांत असते: वापरून झालेली वाफ धुराड्यांतून जोरानें वर जातांना भट्टींतील धूर ओढून नेते आणि त्या ओढीनें खालून ताजी हवा निखाऱ्यांवर येते. खालचें तोंड अरुंद आणि वरची ओढ कमी, मग कितीही कोळसा घातला तरी जाळ धुमसतच राहणार. म्हणजे योजना चुकली नव्हती; चूक कारखान्यांतली होती, आणि बोल मात्र तीस वर्षें इंजिनाला लागला.

स्वयंसेवकांनीं पेटी नकाशाप्रमाणें करून घेतली. १९८६ च्या नोव्हेंबरांत ‘ड्यूक’ पुन्हां वाफेवर चालूं लागलें. १९९० सालीं तें मुख्य लोहमार्गावर गाडी घेऊन गेलें. पुढें धुराड्याची रचनाही बदलण्यांत आली. पूर्वी फायरमनला घाम फोडणारें तेंच इंजिन आतां चढावर भरपूर वाफ देऊं लागलें आणि ब्रिटनमधील अत्यंत बलवान् वाफेच्या इंजिनांत त्याची गणना होऊं लागली.

बॅरीहून सुटलेलीं शेवटचीं इंजिनें १९९० सालीं हललीं. त्यांतील कांहींचें काम अजून चालूं आहे.