सौर बंब कां थंडावतो?

सप्तशृंगगडाच्या परिसरांतील आमच्या वणीला पौषांत थंडी कडक असते. अशा वेळीं गच्चीवरचा सौर बंब स्वच्छ उन्हांतही गारच पाणी देऊं लागला, कीं घरांत नव्या बंबाची भाषा सुरू होते. तत्पूर्वीं आंतील पाणी फिरतें कीं नाहीं, तें पाहावें.

सपाट पेटीच्या घरगुती बंबांत बहुधा पंप नसतो. २० अंशांवरील एक लिटर पाणी सुमारें ९९८ ग्रॅम भरतें, ६० अंशांवरील सुमारें ९८३. या १५ ग्रॅमांच्या फरकामुळें तापलेलें पाणी वर टाकींत चढतें आणि गार पाणी खालीं पेटींत उतरतें. इतक्या अल्प बळाला नळींत कोंडलेली हवा, मध्येंच मोडलेला चढ किंवा सांचलेला क्षार सहज अडवितो.

भर दुपारीं पेटीची वरची नळी कढत आणि टाकींतील पाणी मात्र गार असेल, तर प्रवाह खुंटला असें समजावें. प्रथम गार पाण्याची टाकी भरलेली आहे ना, हें पाहावें. मग कोंडलेली हवा काढून टाकावी. क्षार धरला असल्यास जाणत्या कारागिराकडून नळ्या साफ करवून घ्याव्या. हवेच्या नळींतून पाणी ठिबकतें म्हणून तिचें तोंड मात्र कोणीं कधींही बुजवूं नये. वाफेस वाट न राहिल्यास टाकी फुटण्याचें भय असतें.