सातेरी मधमाशी आणि गतकाळातील हवामान

पुण्याच्या पश्चिमेस, मुठा नदीलगतच्या वारजे येथील टेकडीवर वन विभागाने लोकसहभागातून उभे केलेले स्मृतिवन आज अनेकांच्या परिचयाचे आहे. सुमारे १६.८ हेक्टरांची ही एके काळची उजाड जागा. ५ जून २०२० रोजी केंद्र शासनाने २०० नगरवनांची योजना जाहीर केली, तेव्हा याच वनाचा दाखला देण्यात आला. फुलपाखरांच्या १५ जातींची नोंदही त्या वेळी सांगितली गेली. परंतु जातींची गणना हा वैविध्याचा केवळ एक पदर होय. एकाच जातीतील कीटकांमध्ये जो जनुकीय भेद असतो तो डोळ्यांना दिसत नाही, आणि तो निर्माण होण्यास हजारो वर्षे लागलेली असतात.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असता नैर्ऋत्य मोसमी वारे क्षीण झाले होते. त्यानंतर पाऊस वाढला, तरी तो एकसारखा राहिला नाही. लोणार सरोवराच्या तळातील गाळाच्या अभ्यासातून आजपासून ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी, असे दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड निदर्शनास आले आहेत. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननातही अखेरच्या काळातील शेतीचा ऱ्हास दिसून आला. डॉ. म. के. ढवळीकर यांनी त्याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. माणसाने तेथे शेती सोडून पशुपालनाकडे मोहरा वळविला. कीटकाला ही सोय नसते. फुलोरा आटला की त्याची संख्या घटते, उरलेले थवे ओलाव्याच्या आश्रयाला तुटक तुटक राहतात आणि जे मरतात त्यांच्याबरोबर त्यांची जनुकेही जातात. पाऊस परतल्यावर संख्या भरून निघते. गेलेला भेद मात्र तितक्या लवकर परत येत नाही.

युरोपीय मधमाशीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष वाचता आले आहे. २०१४ साली १४० मधमाश्यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना प्रसिद्ध झाली. प्राचीन काळातील त्यांच्या संख्येचे चढउतार हवामानाच्या चढउतारांशी जुळतात, असे तीतून दिसले. लहानशा माशीच्या पेशीत इतकी जुनी नोंद टिकावी, हे नवलच म्हणावयाचे!

आपली सातेरी ही आशियाई मधमाशी. दक्षिण भारतात तिचे डोंगरी काळसर आणि मैदानी पिवळसर असे दोन प्रकार ओळखले जातात. भेद कमी झाल्याचे परिणाम मधपाळाला पेटीतच दिसतात. मधमाशीत लिंग ठरविणारे एक जनुक आहे. फलित अंड्यात त्याची दोन भिन्न रूपे आली तर मादी जन्मते. दोन्ही सारखी आली तर निरुपयोगी नर निपजतो, आणि कामकरी माश्या ती अळी खाऊन टाकतात. राणीचा ज्या नरांशी संयोग होतो ते तिच्याच नात्यातले असतील, तर त्यांच्यापासून होणाऱ्या मादीसंततीपैकी निम्म्यापर्यंत अशी वाया जाते. पोळ्यात मधे मधे रिकामी घरे दिसतात, वसाहत रोडावते. रोगराईच्या दोषाइतकाच हाही दोष तपासून पाहावयास हवा.

राज्यात मधमाशीपालनास महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचा १९४६ पासूनचा आधार आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. आणि २०२२ मध्ये मांघर 'मधाचे गाव' झाले. अशा उपक्रमांचा विस्तार होताना दूरच्या प्रदेशातून पेट्या आणण्याचा मोह टाळावा. परिसरातील नैसर्गिक वसाहती पकडून, त्याही एकदोन नव्हे तर पुष्कळ ठिकाणच्या, पेटीत भराव्यात. सातेरी झाडाच्या ढोलीत व खडकाच्या कपारीत राहते. वारज्यासारख्या नव्या वनातील तरुण झाडांना ढोली नसते, म्हणून ओढ्याकाठच्या व बांधावरच्या जुन्या आंबा, जांभूळ, उंबरांची पोकळ खोडे ग्रामपंचायतींनी नोंदवून ठेवावीत आणि रस्तारुंदीकरणाच्या प्रस्तावात ती स्वतंत्रपणे दाखवावीत.