उपाहारगृहाचा वार्षिक अहवाल

कंपनीचा वार्षिक अहवाल हातीं आला म्हणजे आपली दृष्टि प्रथम लाभांशाच्या आंकड्याकडे जाते. पण घरची शिल्लक शेअरांत गुंतवावयाची, तर विक्री कशी वाढली हें आधीं पाहावें.

उपाहारगृहांचा धंदा घ्या. दहा दुकानांचीं बारा केलीं कीं एकूण विक्री सहसा फुगते. जुन्या दुकानांतील गिऱ्हाइकें घटत असलीं तरी तें झांकलें जातें. म्हणून निदान वर्षभर चाललेल्या दुकानांच्याच विक्रीची तुलना शोधावी.

दुसरा प्रश्न, पैसा येतो कोठून? अमेरिकेंतील मॅक्डोनल्ड्स कंपनीच्या २०२३ च्या अहवालांत सुमारें ९५ टक्के उपाहारगृहें परवानाधारकांनीं चालविलेलीं दिसतात. त्यांच्याकडून कंपनीस सुमारें १,५४० कोटी डॉलर मिळाले. पैकीं सुमारें ९८० कोटी जागेचें भाडें! पाटी खाद्यपदार्थांची, पण मिळकत मोठ्या अंशीं जागेची.

भारतांत भाड्याच्या जागेंत दुकानें चालविणाऱ्या कंपन्यांची गोष्ट निराळी. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या हिशेबपद्धतीप्रमाणें दीर्घ मुदतीचें ठराविक भाडें बहुतांशीं घसारा व व्याज या सदरांत जातें. तेव्हां हीं दोन्ही वजा करण्यापूर्वींचा नफा मोठा दिसला, तरी भाडें थांबलेलें नसतें. तें रोकड-प्रवाहाच्या पत्रकांत, भाडेकराराच्या देण्यांत सांपडतें.

पहिलीं पानें छायाचित्रांचीं असतात. खरी हकीकत शेवटच्या टिपांत असते. कष्टाचा पैसा घालण्यापूर्वीं तेवढ्या टिपा अवश्य वाचाव्या.