कंपनीचे कान

संचालक मंडळ राज्य करतंय, भागधारकांना लढायांचा जमाखर्च दाखवला जातोय, फौज कंपनीची आणि हेरही कंपनीचेच. कादंबरीत असा देश रंगवला तर वाचक म्हणतील, लेखक जरा वाहवत गेला. पण श्रोतेहो, असा देश होऊन गेला आहे, आणि त्याचा एक कान पुण्यात मुळामुठेच्या संगमावर होता.

ईस्ट इंडिया कंपनीचे 24 संचालक लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर बसत. 1803 च्या सुमारास त्यांच्या पदरी जवळजवळ दोन लाखांची फौज होती. 1784 च्या कायद्याने त्यांच्यातल्याच तिघांची गुप्त समिती झाली. युद्ध, तह, दरबारी खलबतं यांची पत्रं या तिघांच्या हातून जात. उरलेल्या एकवीस जणांना त्यांचा वारा लागू द्यायचा नसे.

1786 मध्ये चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. कागदोपत्री तो वकील. खरं काम बातमीचं. हाताखाली मुन्शी, अखबारनवीस आणि हरकारे. हरकारा टपाल पळवायचा आणि वाटेत काय दिसलं तेही सांगायचा, एका पगारात दोन कामं! पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस अर्थातच भोळे नव्हते. हैदराबादेहून गोविंदराव काळ्यांची पत्रं त्यांच्याकडे येत आणि निजामाच्या दरबाराची नाडी पुण्यात कळे. फरक एवढाच, की नानांची बातमी नानांच्या डोक्यात मुरायची. मॅलेटची बातमी नकलून, क्रमांक घालून कलकत्त्याच्या दप्तरात जाऊन बसायची. माणूस बदलला तरी दप्तर तिथंच.

बातमी ही कंपनीच्या लेखी खरेदीची वस्तू होती. 1803 च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्लीनं बातम्यांची तीन वेगळी खाती ठेवली. प्रत्येकाचे हरकारे निराळे, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. तीन आडत्यांकडून भाव काढावेत तशी तिन्ही खबरा ताडून बघायची.

तरीही माल खोटा निघाला. शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनला आहे, असं हरकाऱ्यांनी सांगितलं. भोकरदन हे गावाचं नाव आणि परगण्याचंही. कुठलं भोकरदन, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही. वेलस्लीनं आपल्या जोडीच्या कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी निराळ्या वाटेनं धाडली, लढाई 24 सप्टेंबरला ठरवली, आणि 23 ला सकाळी कळलं की शत्रू पाच-सहा मैलांवरच आहे. पुढे केळणा नदी. वाटाडे म्हणाले, उतार नाही. वेलस्लीनं दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं पाहिली आणि ताडलं, की यांचं येणंजाणं असणारच, म्हणजे उतारही असणार. तो होताच. तीन खात्यांच्या खबरांपेक्षा दोन गावांची शेजारधर्माची वाट कामी आली! असईची लढाई त्यानं जिंकली, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. त्या दिवशी त्याच्या बरोबर दुभाष्याचं काम करणारा तेवीस वर्षांचा तरुण होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

हाच एल्फिन्स्टन 1811 मध्ये पुण्याचा रेसिडेंट झाला. बाळाजीपंत नातूंसारखी माणसं त्यानं हाताशी धरली. पेशव्यांच्या वाड्यात काय शिजतंय याचा वास संगमावरच्या रेसिडेन्सीत आधी यायचा.

1815 मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. ठपका पेशवा दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला आणि कंपनीनं त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेवला. देशी माणूस फितायचा, हा हिशेब. पुढची हकीकत बिशप हेबरच्या प्रवासवर्णनात आहे. नंतर पुन्हा पकडले जाऊन चुनारला कैदेत असलेल्या त्रिंबकजींना त्यानं 1824 मध्ये पाहिलं होतं. किल्ल्यातल्या एका साहेबाचा मराठी मोतद्दार त्रिंबकजींच्या खिडकीखाली घोडा फिरवत गाणं म्हणायचा. पळून जायची सगळी तजवीज त्या गाण्यात होती. पहारेकऱ्यांना सूर ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. फितुरी होऊ नये म्हणून जी भाषा पहाऱ्यावरून हटवली, तिच्यातूनच निरोप गेला.

सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी पसार झाले. डोंगरात, रामोशी-भिल्लांच्या आसऱ्यानं ते फिरत राहिले आणि संगमावरच्या कानाला त्यांचा ठाव लागेना. मे 1817 मध्ये एल्फिन्स्टननं बाजीरावाला त्रिंबकजींना हजर करायला फर्मावलं, आणि तोवर तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड मागून घेतले.