कौन्सिलचे 'नाही' आणि आमचे अपील
(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आम्हाला भाषणाची सवय नाही. बँकेच्या काउंटरमागे आयुष्य चालले आहे, आणि बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. इथल्या शिक्षणाच्या कायद्यावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, धाकट्या मुलासाठी आम्हा नवरा-बायकोला कौन्सिलविरुद्ध अपील करावे लागले.

मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. वर्गात गप्प बसायचा. शाळा म्हणे, घरी मराठी बोलता म्हणून इंग्रजी उशिरा येते आहे, येईल हळूहळू. आम्हालाही ते ऐकायला बरे वाटे. पण दर रविवारी नागपूरहून आजीचा फोन यायचा. ती विचारी, "जेवलास का रे बाळा?" आणि तो म्हणे, "जेवलास का रे बाळा?" त्याला मराठीतही उत्तर देता येत नव्हते. घरची भाषा वेगळी एवढ्यावरून मुलाला अडचण आहे असे धरू नये, असे कायदा म्हणतो, ते योग्यच आहे. मात्र खरी अडचण भाषेच्या नावाखाली झाकून ठेवावी, असे तो कुठेही म्हणत नाही.

आम्ही कौन्सिलकडे तपासणीची मागणी केली. तपासणीनंतर गरज दिसल्यास मुलाचा शिक्षण, आरोग्य व देखभाल यांचा आराखडा बनतो. त्यालाच इथे ई.एच.सी. प्लॅन म्हणतात. सहा आठवड्यांच्या आत उत्तर देणे कौन्सिलवर बंधनकारक असते. उत्तर आले: नाही. कारणे दोन. अभ्यासातील प्रगती समाधानकारक आहे, आणि शाळेने स्वतःच्या पैशातून सहा हजार पौंडांपर्यंतची मदत अजून देऊन पाहिलेली नाही.

ते पत्र तीन आठवडे आमच्या ड्रॉवरमध्ये पडून होते. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. कचेरीतून आलेला कागद म्हणजे शेवटचा शब्द, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले. शिवाय मुलाविषयी चार माणसांत बोलायचे कसे? या मंडळात दर महिन्याला येत होतो, तरी इथेही कुणाजवळ बोललो नाही.

शेवटी पत्राचे मागचे पान वाचले. अपिलाची मुदत पत्राच्या तारखेपासून दोन महिने होती. मग २०१४ च्या मुलांविषयीच्या कायद्याचे ३६ वे कलम काढून वाचले. तिथे सगळा भर एका छोट्या शब्दावर आहे: 'मे'. मुलाला विशेष गरज असू शकेल, आणि आराखड्याची जरुरी भासू शकेल, एवढे दिसले की तपासणी करायची. सहा हजार पौंडांची अट त्या कलमात नाही. गरज सिद्ध करून दाखवा, असेही नाही. ती आहे की नाही हे पाहण्यासाठीच तर तपासणी असते! मराठी घेऊन बी.ए. झालेल्यांना एका शब्दाचे मोल असे इंग्रजीत कळले.

पुढची वाट वाटली तेवढी अवघड नव्हती. अपिलाआधी मध्यस्थी सल्लागाराला फोन करावा लागतो. मध्यस्थीला बसलेच पाहिजे असे नाही. 'नको' म्हटले तरी ते प्रमाणपत्र देतात आणि ते अपिलासोबत जोडायचे. प्रमाणपत्राच्या तारखेपासूनही एक महिना मिळतो. दोन्हींपैकी जी मुदत उशिराची ती धरतात. अपिलाला फी नाही, वकीलही लागत नाही. प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत पालकांसाठी मोफत सल्ला सेवा असते. 'इप्सिया' ही संस्थाही मोफत मार्गदर्शन करते.

पुरावा म्हणून आम्ही नर्सरीचे अहवाल, स्पीच थेरपिस्टचे पत्र, शाळेचे ई-मेल आणि आजीच्या फोनची आम्ही तारखांसह ठेवलेली टिपणवही जोडली. बँकेची सवय अशी कामी आली. सुनावणीची वेळ येण्याआधीच कौन्सिलने विरोध सोडला. असे पुष्कळ प्रकरणांत होते. २०२२-२३ मध्ये ट्रायब्युनलने निकाल दिलेल्या अपिलांपैकी सुमारे ९८ टक्के पूर्णतः वा अंशतः पालकांच्या बाजूने लागली होती. मग पहिल्याच पत्रात 'हो' का म्हणत नाहीत, हे आम्हाला आजही कळलेले नाही.

तपासणी झाली, आराखड्याचा मसुदा आला, आणि आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. तेवढ्यात 'एफ' विभाग वाचला. मुलाला काय मदत मिळणार ते तिथे लिहितात, आणि तिथे लिहिलेली मदत पुरवणे ४२ व्या कलमाने कौन्सिलला बंधनकारक आहे. आमच्या मसुद्यात होते, 'आवश्यकतेनुसार स्पीच थेरपीचा लाभ'. बंधूंनो, चेकवर 'आवश्यकतेनुसार रक्कम' लिहून आणलीत तर आम्ही तो वटवू का? किती वेळा, किती मिनिटे, कोणाकडून, हे हवे. मसुद्यावर म्हणणे मांडायला किमान पंधरा दिवस मिळतात. ते आम्ही वापरले. अंतिम प्रतीत 'आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटे, स्पीच थेरपिस्टकडून' असे आले. आले नसते तर अंतिम आराखड्यावरही पुन्हा अपील करता येते, मजकुरावर आणि शाळेच्या नावावरही.

हे सर्व इंग्लंडपुरते आहे. वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे निराळे आहेत, तिकडच्या नातेवाइकांना हे जसेच्या तसे सांगू नका.

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात आजीने नेहमीचेच विचारले, तेव्हा तो म्हणाला, "हो. भात." आजी फोनवर बराच वेळ काही बोलली नाही.

आमची फाइल सोबत आणली आहे. चहाच्या वेळी मागच्या टेबलावर बसू. ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल, त्यांनी त्यावरची तारीख पाहून यावे.