लेबल निघाले, चिकटा राहिला

बाजारातून आणलेली नवी बरणी पुसून फळीवर ठेवावी, या हेतूने आपण तिच्यावरचे लेबल सोलू लागतो. कागदाचा वरचा पापुद्रा हातात येतो आणि खाली उरतो तो एक चिकट, मळकट चौकोन. पाण्याने तो जात नाही. खरवडला तर नखाखाली जाऊन बसतो. आणि चार दिवस तसाच राहू दिला तर घरातील धूळ गोळा करून काळा पडतो. प्रसंग तसा क्षुल्लक आहे. परंतु तो चौकोन घालवण्यासाठी घरोघरी जे उपाय केले जातात, त्यांत चांगल्या वस्तूंचा जो नाश होतो आणि क्वचित जिवालाही जो धोका पोहोचतो, तो मात्र क्षुल्लक नाही. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

पूर्वी कागद चिकटवावयाचा तो पिठाच्या खळीने किंवा बाभळीच्या डिंकाने. दोन्ही पदार्थ पाण्याला वश असत. ओले फडके घटकाभर ठेवले की कागद आपोआप सुटे. पुढे १९२५ साली अमेरिकेत रिचर्ड ड्र्यू याने मोटारी रंगवणाऱ्या कारागिरांसाठी चिकटपट्टी तयार केली आणि १९३० साली पारदर्शक पट्टी आणली. १९३५ साली स्टँटन एव्हरी याने पाणी न लावता चिकटणारी लेबले काढली. या नव्या चिकट द्रव्यांचा स्वभावच निराळा आहे. ती रबरापासून किंवा अ‍ॅक्रिलिकपासून करतात आणि पुष्कळदा त्यांत राळ मिसळलेली असते. ती पुरती घनही नसतात आणि पुरती द्रवही नसतात. बोटाने दाबले की ती हळूहळू पसरून पृष्ठभागाच्या बारीकसारीक खळग्यांत शिरतात आणि तेथेच घर करतात. हिसका देऊन ओढले तर ती ताठरतात व कागद फाटतो. ऊब देऊन सावकाश ओढले तर ती नमतात. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

पाण्याशी या द्रव्यांचे जमत नाही. त्यांचे जमते ते तेलाशी. जात जुळली की विरघळणे सोपे, हा रसायनशास्त्रातील जुना नियम आहे. परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते. काचेच्या बाटलीवरचा चिकटा काढताना काचेची चिंता करावी लागत नाही. प्लॅस्टिकची गोष्ट वेगळी. चिकटा आणि प्लॅस्टिक हे एका अर्थी भाऊबंदच आहेत. दोन्ही लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असतात. जे द्रव एकाला विरघळवते, ते दुसऱ्यालाही गिळंकृत करण्याचा संभव असतो. डाग गेला असे आपण समजतो आणि डागाबरोबर वस्तूही जाते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझे वडील रुग्णालयात होते. कोणीतरी त्यांच्या चष्म्याच्या काडीवर खाटेचा क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावली होती. चष्मा घरी आल्यावर पट्टी मी काढली, चिकटा राहिला. घरात नखांचा रंग काढण्याचे द्रव होते. त्यात कापूस भिजवून मी काडी पुसली. कापूस तपकिरी झाला, तेव्हा केवढा मळ निघाला म्हणून मला समाधान वाटले. वस्तुतः तो मळ नव्हता. ती काडीच होती. चष्म्याच्या अनेक चौकटी सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या असतात आणि त्या द्रवात पुष्कळदा अ‍ॅसिटोन असते. अ‍ॅसिटेट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते. काडीची चकाकी गेली आणि मऊ झालेल्या पृष्ठभागावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. वडील बरे होऊन आले, त्यांनी चष्मा हातात घेऊन निरखला आणि एवढेच म्हणाले, "चिकटपट्टी निघाली, हे बरे झाले." पुढे ते तोच चष्मा वापरीत राहिले. तो ठसा मी रोज पाहत असे.

तेव्हा पहिला प्रश्न डागाचा नव्हे, वस्तूचा विचारावा. पुष्कळ डब्यांच्या व बाटल्यांच्या बुडाशी एक त्रिकोण व त्यात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. ही पद्धत १९८८ साली सुरू झाली. २, ४ आणि ५ हे आकडे पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांचे. साठवणीचे बरेचसे डबे या कुळातले असतात आणि ती प्लॅस्टिके सोशीक असतात. ६ आकड्याचे पॉलिस्टायरीन फार नाजूक. थर्मोकोल हा त्याचाच फुगवलेला अवतार. ३ आकड्याचे पीव्हीसीही अ‍ॅसिटोनपुढे टिकत नाही. चष्म्याची भिंगे, पारदर्शक तावदाने, दूरदर्शन संचाची पेटी यांसाठी वापरली जाणारी प्लॅस्टिके तर विशेष जपण्याची. ज्या वस्तूचे कूळ कळत नाही, ती नाजूकच आहे असे धरून चालावे.

आता उपायांचा क्रम. सौम्यापासून आरंभ करावा आणि काम झाले की तेथेच थांबावे. वस्तू भिजण्यासारखी असेल तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून ती अर्धा तास ठेवावी. मऊ झालेला चिकटा अंगठ्याने चोळला की त्याच्या वळ्या होऊन निघतात. उकळते पाणी वापरू नये. काही प्लॅस्टिके त्याने वाकतात. विजेचे उपकरण असेल तर प्रथम त्याची पिन काढावी आणि भिजवण्याऐवजी पिळलेले ओले फडके वापरावे. राहिलेल्या चिकट्यावर नवी चिकटपट्टी दाबून उचलावी. चिकट्याला चिकटा ओढून घेतो.

एवढ्याने भागले नाही तर खोबरेल किंवा दुसरे खाण्याचे तेल बोटाने लावून दहापंधरा मिनिटे थांबावे, मऊ फडक्याने पुसावे आणि साबणाने धुऊन टाकावे. मुलांची खेळणी व जेवणाचे डबे यांसाठी हाच उपाय उत्तम, कारण चुकून पोटात गेले तरी ते तेलच आहे. मात्र ते रात्रभर ठेवू नये. ताण सोसणाऱ्या काही प्लॅस्टिकांना, विशेषतः पॉलिस्टायरीनला, स्निग्ध पदार्थांनी तडे जातात. शेवटचा उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. ते कापसाच्या बोळ्यावर थोडेसे घेऊन आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावे. कापसाला रंग लागला किंवा चकाकी कमी झाली तर तेथेच हात आवरावा. अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक वस्तूंना ते मुळीच लावू नये. त्यांवर बारीक भेगांचे जाळे उमटते.

ब्लेड, तारेची घासणी, थिनर आणि पेट्रोल ही चार साधने मात्र या कामापुरती वर्ज्य समजावी. पोलाद प्लॅस्टिकपेक्षा कठीण असते; त्याचे ओरखडे पुढे कशानेही जात नाहीत. खरवडायचेच असेल तर जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाची कड पुरते. पेट्रोलची वाफ तर हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. एका लेबलासाठी स्वयंपाकघर पणाला लावण्यात शहाणपण नाही.

आणखी एक सावधगिरी. कधीकधी चिकटा पुरता निघालेला असतो, तरी तेथे फिकट चौकोन दिसत राहतो. तो डाग नव्हे. लेबलाखाली झाकलेला तेवढाच भाग मूळ रंगाचा राहिला आहे आणि भोवतालचा भाग उन्हाने पिवळा पडला आहे. तो घासण्यात काही अर्थ नाही.

शेवटी, प्रत्येक लेबल काढावे असेही नाही. औषधांच्या बाटल्या, कीटकनाशके, फिनेल यांवरची लेबले राहू द्यावी, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत रॉकेल, थिनर किंवा स्पिरिट कधीही भरू नये. लहान मूल बाटली ओळखते ती तिच्या आकारावरून. सरबताच्या बाटलीतले रॉकेल त्याला सरबतच वाटते.

बरणीचा चिकटा घालवण्यास लागतो तो पाऊण तास, त्यातला बहुतेक वेळ नुसते थांबण्याचा. तेवढे थांबलो असतो, तर माझ्या अंगठ्याचा ठसा वडिलांच्या चष्म्यावर राहिला नसता.