रिकामे घर आणि संध्याकाळचा दीड तास
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने धर्मग्रामाच्या गतवर्षांचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तथापि ते काम वडीलधाऱ्यांनी आताच उत्तम रीतीने केले असल्यामुळे आम्ही एका अगदी साध्या विषयाकडे वळतो. तो विषय म्हणजे आपला फावला वेळ. विषय क्षुल्लक वाटेल खरा. परंतु तो क्षुल्लक नाही, हे आम्ही एका बारा वर्षांच्या मुलाकडून शिकलो आणि तेही स्वतःचा अपराध झाल्यावर.

कापूस वेचणीचे दिवस होते. एके सायंकाळी तो मुलगा आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. "बोल बाळा," असे आम्ही म्हणालो खरे, पण आमची दृष्टी हातातील मोबाईलवरून हलली नाही. त्याने दोन शब्द बोलून पाहिले, थोडा थांबला आणि "फादर, मी मग येतो," असे म्हणून निघून गेला. तो काही आला नाही. पुढल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्याला बाजूस घेऊन विचारले, तेव्हा जमिनीकडे पाहत तो म्हणाला, "बाबा घरी कोणाशीच बोलत नाहीत, एवढंच सांगायचं होतं."

बंधूंनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कास्तकाराच्या अशा मौनाचा अर्थ काय होऊ शकतो, हे तुम्हांस सांगावयास नको. आम्ही त्याच संध्याकाळी त्या घरी गेलो. घरात माणसे चार होती आणि उजळलेले पडदे तीन. बाप ओट्यावर एकटाच बसला होता. आम्हीही त्याच्याजवळ जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. देवाची कृपा की वेळ टळून गेली नव्हती. परंतु आमच्या मनास टोचणी लागली ती आजतागायत गेलेली नाही. घरात कोणी मान वर करून पाहतच नसेल, तर दुसऱ्याचे दुःख ध्यानात यावे कसे?

मोबाईल हे वाईट यंत्र आहे, असे आमचे म्हणणे नाही. बाजारभाव, पावसाचा अंदाज, पुण्यास गेलेल्या मुलाचा आवाज हे सारे त्यातूनच मिळते. प्रश्न दिवसभराची कामे आटोपल्यावर उरणाऱ्या घटकेचा आहे. ती घटका आपण कोणाच्या हाती देतो?

या प्रश्नाने अस्वस्थ झालेले आपण काही पहिलेच नाही. आपल्याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी नावाचे गाव आहे. कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडून शिक्षणाच्या निमित्ताने मोबाईल मुलांच्या हाती आला; साथ ओसरली, पण तो हातातून सुटला नाही. तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये बान्सीच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरास बंदी करणारा ठराव केला. त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने निराळी वाट धरली होती. तेथे सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजे आणि घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद होत, ८.३० वाजता पुन्हा भोंगा होईपर्यंतचा दीड तास अभ्यास, वाचन आणि परस्परांशी बोलणे यांसाठी राखून ठेवलेला असे.

दोन्ही गावांचा हेतू स्तुत्य आहे. परंतु त्यांच्या उपायांतील भेद विचार करण्याजोगा आहे. बान्सीचा नियम मुलांस बांधतो. वडगावचा नियम थोरांसही बांधतो. आम्हांस हा दुसरा प्रकार अधिक पटतो. कारण लेकराच्या हातातील मोबाईल काढून घेऊन तोच स्वतः पाहत बसणारा बाप मुलास संयम शिकवीत नाही, केवळ वयाने मोठे होण्याची घाई शिकवितो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ मधील आपल्या कुटुंबविषयक पत्रात, जेवणास एकत्र बसूनही जो तो आपापल्या मोबाईलमध्ये गुंतलेला असतो, याविषयी चिंता व्यक्त केली होती. ती चिंता केवळ मुलांविषयीची नव्हती.

तथापि कोणत्याही बंदीने काम अर्धेच होते. प्रभू येशूने सांगितलेला दृष्टांत आठवा. मनुष्यातून निघालेला दुष्ट आत्मा परत येऊन पाहतो, तो घर झाडलेले, नीटनेटके, पण रिकामे! मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात सोबती घेऊन येतो आणि त्या मनुष्याची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. घर झाडणे चांगले, पण झाडून ते रिकामे ठेवणे धोक्याचे. पडदा विझविल्यावर जी संध्याकाळ उरते, ती भरावयाची कशाने, हाच खरा प्रश्न आहे.

येथे कोणी म्हणेल, "फादर, जपमाळ करावी." अवश्य करावी, पण दीड तास जपमाळ करा असे आम्ही सांगणार नाही. करमणूक हे पाप नव्हे. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात करमणुकीस स्वतंत्र प्रकरण दिले असून, जुन्या काळच्या कासियन या संन्याशाची एक गोष्ट तेथे सांगितली आहे. वृद्ध संत योहान एका तित्तिराला हातात घेऊन कुरवाळीत बसले होते. एका शिकाऱ्याने ते पाहिले आणि एवढ्या थोर पुरुषाने असा वेळ का घालवावा, म्हणून आश्चर्य केले. तेव्हा संतांनी त्यास विचारले, तू आपले धनुष्य सदा ताणलेले का ठेवीत नाहीस? सदा ताणलेल्या धनुष्याचा जोर जातो, तसेच मनाचे आहे, हा त्यांचा बोध. ध्यानात घ्या की, संत योहानांच्या त्या करमणुकीस एक पैसाही लागला नव्हता.

आपल्याही करमणुकीस लागू नये. चार चिंचोके फोडून त्यांची आठ शकले करा. त्यांतील चार पुरेत. खडूने अगर कोळशाने फरशीवर पाच उभी, पाच आडवी अशी २५ घरे आखा, झाला अष्टाचंगा! चारही पांढऱ्या बाजू वर आल्या तर चार, चारही काळ्या आल्या तर आठ. पैनगंगेपलीकडील आपले तेलुगू शेजारी यालाच अष्टा चम्मा म्हणतात. या खेळात आजी नातवाची सोंगटी मारते, नातू रुसतो, पुन्हा डाव मांडतो आणि हरणे सोसावे कसे हे न शिकविता शिकतो. पडद्यावरील खेळात हरला तर त्याची समजूत घालावयास समोर कोणी नसते.

ज्यांच्या अंगात रग आहे त्यांनी मैदानावर जावे. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या यांना जमीन आणि सोबती यांपलीकडे काही लागत नाही. या खेळांस कमी लेखू नका. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतूची प्रात्यक्षिके जगासमोर करून दाखविली होती.

उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकल्या की वर आकाशाचे पुस्तक उघडेच असते. उत्तरेस सप्तर्षी पाहा. त्यांतील पुलह व क्रतू या दोन ताऱ्यांमधील रेषा क्रतूच्या पुढे पाचपट वाढविली की ध्रुव सापडतो. आपल्या जिल्ह्यातून तो क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींच्या उंचीवर दिसतो. नाताळच्या रात्री मिस्सास येताना मृग नक्षत्र आणि त्यामागून येणारा तेजस्वी व्याध मुलांस दाखवा. मागी लोक ताऱ्याच्या मागे का निघाले, हे मग त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि वाचावे, पण मोठ्याने वाचावे. १६१६ साली छापले गेलेले फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण हे मुळी ऐकण्याचे काव्य होते. ते चर्चमध्ये वाचून दाखविले जाई. एकाने वाचावे, बाकीच्यांनी शेंगा फोडीत ऐकावे, अधूनमधून आजोबांनी पोळ्याच्या झडत्यांची आठवण काढून वाचनात खंड पाडावा. तो खंडच कित्येकदा पुस्तकाहून मोलाचा असतो. कारण माणसे समोरासमोर बसली आणि हात कामात असले, म्हणजे मनातील गोष्ट आपोआप ओठांवर येते. त्या मुलाच्या बापाला दुसरे काय हवे होते?

म्हणून या महोत्सवानिमित्त आमची एक विनंती आहे. वडगावास भोंगा लावावा लागला. आपल्याजवळ संध्याकाळच्या देवदूत-प्रार्थनेची घंटा आहेच. येत्या रविवारपासून ती ७ वाजता होईल. तेव्हापासून ८.३० वाजेपर्यंत घरातील थोरामोठ्यांनी प्रथम आपले मोबाईल फडताळात ठेवावे आणि मग मुलांकडे मागावे. आमचाही मोबाईल त्या वेळी मंदिरसेवकाच्या हाती राहील. आजाऱ्याचे बोलावणे आले तरच तो आम्हांस उठवील. इतर कोणासही बोलावयाचे असल्यास आमचे दार उघडे असेल. आणि या खेपेस दारात उभ्या राहिलेल्या लेकराला "मी मग येतो," असे म्हणावे लागणार नाही.

प्रभू आपल्या घरांस आशीर्वाद देवो आणि ती कधी रिकामी न ठेवो.